बोटभर खेळ

माझ्या सुनेला जपानच्या पोलिसांनी रस्त्याच्या कडेला उभं करून नळीत फुंकायला लावलं. शनिवारी सकाळी साडेनऊ वाजता. गाडीच्या मागच्या हौद्यात मेथीच्या जुड्या, शेपू आणि मोसमातली शेवटची भेंडी. आणि पुढे ही बाई, जिला माझा चहासुद्धा कडक लागतो.

नळीत काही निघालं नाही. निघणार काय, कपाळ? पोलिसाने कमरेत वाकून माफी मागितली आणि सांगितलं, की गाडी झोकांड्या खात होती म्हणून थांबवावं लागलं. इथे माणसं अपमानसुद्धा वाकून करतात.

संध्याकाळी माझा मुलगा रविकांत घरभर फेऱ्या मारत होता. घर म्हणजे इचिकावातल्या चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, त्यामुळे फेरी म्हणजे फ्रिजपासून बाल्कनीपर्यंत सहा पावलं आणि परत.

"तेरा वर्षं राहतोय मी इथे, आई. तेरा वर्षांत मला कुणी हटकलं नाही. आणि हिला भर रस्त्यात फुंकायला लावलं."

"मी प्यायले नव्हते, हेही त्यांनी बघितलं," चैत्राली म्हणाली. ती खाली बसून रिकामे क्रेट पुसत होती.

"मग गाडी झोकांड्या का खाते?"

"तेच मी सहा आठवडे सांगतेय, रवी. गाडीत काहीतरी आहे. मी स्टेअरिंग सरळ धरते, गाडी सरळ जात नाही."

"गाडी काय आपल्या मनाने हिंडते?"

"हो."

या दोघांच्या मध्ये मी शेंगा सोलत बसले होते आणि माझा जीव नुसता वैतागला होता. कारण दोघांपैकी एकालाही गाडीतलं कळत नव्हतं, आणि ज्या एका बाईला कळत होतं तिला विचारायचं कुणाला सुचत नव्हतं.

शाळा माझी चौथीत सुटली. पण नारायणगावाहून पुण्याच्या मार्केट यार्डात भाजी आणणाऱ्या पिकअपमध्ये आमच्या ह्यांच्या शेजारच्या सीटवर मी बावीस वर्षं बसले आहे. हे गेले तेव्हा दारात एक गाडी होती. मी तिच्या तीन केल्या, तीन ड्रायव्हर ठेवले, आणि तिघांनाही माझ्यासमोर उभं राहताना टोपी काढायची सवय लावली. एक नियम मी तेव्हापासून पाळत आले: शेजारी बसून डोळे मिटायचे ते फक्त ह्यांच्या गाडीत. दुसरा कुणीही चालवत असला की माझे डोळे रस्त्यावर आणि हात वरच्या मुठीवर.

रविकांतला मात्र मी गाडीपासून लांब ठेवलं. मिस्त्रीच्या गाळ्यात दिसला की कान धरून घरी आणायची. ग्रीसला हात लावू दिला नाही. शिकला, इंजिनियर झाला, जपानला आला. तोयोसुच्या उंच इमारतीत बसून कसलंतरी काम करतो. चैत्रालीही तिथेच नऊ वर्षं तसलंच काम करत होती. दीड वर्षापूर्वी तिने ते सोडलं. इचिकावाच्या वरच्या अंगाला नासपतीच्या बागा आहेत, तिथे भाड्याने एक तुकडा घेतला आणि मेथी लावली. सॉफ्टवेअरवाली सून मातीत हात घालते म्हटल्यावर मला आनंद झाला असेल असं कुणाला वाटेल. नाही झाला. मातीतून बाहेर यायला आमची हयात गेली आणि ही पगार सोडून परत तिकडेच निघाली.

पण मेथी चांगली यायची, हे खरं. तोयोसुच्या टॉवरांमध्ये आपली पुण्यामुंबईची माणसं खच्चून भरली आहेत. शनिवारी चैत्रालीची पांढरी गाडी खाली लागली की बायका लिफ्टची वाट न बघता जिन्याने उतरतात म्हणे. गाडी म्हणजे इथली छोटी पिकअप. केई ट्रक म्हणतात. दोनच सीट, मागे उघडा हौदा. आमच्या यार्डातला एखादा हमाल तिला खांद्याने बाजूला सारेल एवढीशी.

"मी ठरवलंय," रविकांत फ्रिजपाशी थांबून म्हणाला. "महिनाअखेर शाकेन आहे. करायचं नाही. गाडी भंगारात द्यायची."

शाकेन म्हणजे दोन वर्षांनी होणारी सरकारी तपासणी. ती झाली नाही तर इथे गाडी रस्त्यावर आणता येत नाही.

"आणि शेत?" चैत्रालीने विचारलं.

"गाडी नाही तर भाजी काय ट्रेनने नेणार? शेत परत कर. मी ऑफिसात बोलतो, तुझ्यासाठी अजून जागा होईल."

चैत्रालीचा हात क्रेटवर थांबला. मग ती पुन्हा पुसायला लागली. स्वच्छ झालेलाच क्रेट.

दुसऱ्या दिवशी मी खाली जाऊन गाडी बघितली. माझा पहिला संशय भार लादण्यावर होता. वजन मागच्या फाळक्याकडे टाकलं की पुढची चाकं हलकी होतात आणि गाडी रस्ता धरत नाही. नवशिक्या बायका असंच लादतात. मी फाळका पाडला. हौद्यातल्या फळीवर क्रेट कुठे ठेवायचे त्याच्या खडूच्या रेघा होत्या, सगळ्या केबिनला चिकटून. टायरची हवा बघायचं यंत्र सीटखाली, आणि वहीत दर सोमवारी किती भरली त्याचे आकडे. बोट ठेवायला जागा नाही. त्यामुळे मी आणखीच चिडले.

चैत्रालीने सोमवारी गाडी शेताजवळच्या इशिगे-सानांच्या गॅरेजमध्ये टाकली. हे म्हातारबुवा खरं तर ट्रॅक्टरचे मिस्त्री, पण आसपासच्या सगळ्या केई ट्रक तेच बघतात. फोन नंबर तिने नवऱ्याचा दिला, कारण शेतावर तिला फोन घेता येत नाही.

मंगळवारी रविकांत घरी आला तो जिंकल्यासारखा. बूट काढायच्या आधीच सुरू.

"इशिगे-सानांचा फोन आला होता. मी प्लॅटफॉर्मवर होतो, ट्रेन येत होती, पण स्पष्ट ऐकलं मी. काय म्हणाले माहितीये? असोबी गा ओओइ."

"म्हणजे?" मी विचारलं.

"असोबी फार झालीय. असोबी म्हणजे मजा मारणं, हुंदडणं. ऑफिसात सुट्टीत मजा करायला या म्हणतात ना, ते असोबी. जपानी माणूस तोंडावर कधी काही बोलत नाही. त्याने इतकं बोलणं म्हणजे विचार कर."

"असं म्हणाले ते?" चैत्रालीने विचारलं. तिचा चेहरा उतरला. "मला?"

"तुला नाही तर कुणाला? गाडी तूच चालवतेस."

आता इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण गप्प बसण्याचा मला सराव नाही.

"मिस्त्री खोटं कशाला बोलेल?" मी म्हणाले. "मी बावीस वर्षं गाडीत बसले. गाडीचा झोपाळा नाही केला कधी. पाटावर बसून पिठलं ढवळावं तसं स्टेअरिंग ढवळलं की गाडी हेलपाटणारच. शेती करायची हौस म्हणजे शेती नव्हे, बाई. ही सहल झाली."

चैत्रालीने माझ्याकडे बघितलं. उलटून बोलली असती तर मला बरं वाटलं असतं. "जेवायला वाढते, आई," एवढंच म्हणाली. त्या रात्री पोळ्या नेहमीसारख्या मऊ झाल्या होत्या, पण मी एकच खाऊन उठले.

गुरुवारी ती गाडी आणायला निघाली. मीही निघाले. भेंडीची झाडं उपटायची होती आणि ती एकटीने उपटली की मुळं अर्धी जमिनीत राहतात. बसमध्ये ती माझ्याशी पाच शब्द बोलली. त्यातले दोन स्टॉपचं नाव होतं.

गॅरेजच्या दारात थांबून ती म्हणाली, "आई, तुम्ही बाहेर बसा. मी किल्ली घेते आणि येते. मला त्यांच्याशी बोलायचं नाहीये."

"का? घाबरतेस?"

"लाज वाटते."

इशिगे-सान बाहेर आले. पंचाहत्तरीचे, निळा डगला, काळी नखं. काळी नखं बघून मला हायसं वाटलं. या देशात मी महिनाभर होते, पण हात काळे असलेला पहिला माणूस आज दिसला. त्यांनी चैत्रालीला वाकून काहीतरी लांबलचक सांगितलं. मला "ओकासान" म्हणाले, म्हणजे आई, आणि पुन्हा वाकले. वाकण्यावाकण्यात पाच मिनिटं गेली. माझा संताप वाढत चालला. अरे बाबा, रोगाचं नाव सांग!

शेवटी त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी मला गाडीपाशी बोलावलं. दार उघडलं, स्टेअरिंगवर दोन बोटं ठेवली आणि डावीउजवीकडे हलवलं. स्टेअरिंग हललं. पुढचं चाक जागचं हललं नाही.

"असोबी," ते म्हणाले. पुन्हा हलवलं. "असोबी."

मी चैत्रालीकडे वळले. "हा शब्द काय आहे गं?"

"असोबी. रवी म्हणाला ना, मजा मारणं..."

"त्याचं सोड. पुस्तकात काय शिकलीस? पहिला अर्थ काय?"

"पहिला म्हणजे... खेळ. खेळणं."

मी कपाळावर हात मारला. इतका जोरात, की इशिगे-सान एक पाऊल मागे सरले.

"अगं, खेळ! स्टेअरिंगला खेळ आलाय! आमच्या यार्डाबाहेरचा मिस्त्री दुसरं काय म्हणायचा? बाई, श्टेरिंगला खेळ आलाय, टायरॉड बघावा लागेल. स्टेअरिंग फिरतं, पण चाकाला कळेपर्यंत मधे रिकामी जागा. त्याला खेळ म्हणतात. आणि तुझा नवरा सांगतो, तू हुंदडतेस!"

चैत्राली तोंडावर हात ठेवून उभी राहिली. मग तिने इशिगे-सानांना काहीतरी भरभर विचारलं. ते मान हलवत राहिले, हो, हो, हो. फोनवरही तेच सांगितलं होतं म्हणे. स्टेअरिंगचा खेळ जास्त आहे, एक भाग बदलतो, चालेल का? रविकांत-सान "हो हो, माफ करा, माफ करा" म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

"माफी मागितली त्याने?" मी विचारलं.

"माझ्या वतीने," चैत्राली म्हणाली.

इशिगे-सानांनी जुना भाग काढून दाखवला. टायरॉडच्या, म्हणजे चाक वळवणाऱ्या दांड्याच्या टोकाचा गोळा, पडायला आलेल्या दातासारखा डुलत होता. नवा त्यांनी समोरच बसवला. मी तिथूनच रविकांतला फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता. असू दे.

"इंजिनियर, ऐक," मी म्हणाले. "तुझ्या बापाच्या गाडीत निदान दहा वेळा खेळ आला असेल. तुला तो शब्द माहीत नाही?"

"आई, मला कसा माहीत असणार? तूच मला गाळ्यातून कान धरून आणायचीस."

खरं होतं, म्हणून मी आणखी मोठ्याने बोलले. "बायकोची माफी माग. गाडी दुरुस्त झालीय. आता ती बाणासारखी जाईल, मी सांगते!"

फोन ठेवून आम्ही निघालो. गल्लीतून गाडी नीट चालली. मोठ्या रस्त्याला लागलो, चैत्रालीने वेग घेतला, आणि गाडीने हळूच डावीकडे नाक नेलं.

मी मुठीवरचा हात घट्ट केला. चैत्रालीने स्टेअरिंग किंचित उजवीकडे घेतलं. तिने सावरलं. थोड्या वेळाने गाडीने उजवीकडे नाक नेलं.

पहिल्यापेक्षा कमी होतं. पण होतं. आणि मी तर फोनवर बाण सोडून बसले होते.

"आई," ती समोर बघत म्हणाली, "रवीला आज सांगू नका."

"सांगायचं काय त्यात? मला काही जाणवलं नाही," मी म्हणाले. आयुष्यात इतकं उघडं खोटं मी फक्त आरटीओच्या साहेबाशी बोलले होते.

पण तो पोरगा माझाच. रात्री त्याने एवढंच विचारलं, "मग? बाण?" आम्ही दोघी ताटात बघत राहिलो आणि त्याला कळलं. त्याने माफी मागितली, असोबीची. पण म्हणाला, "पार्ट बदलला, टायर ठीक, हवा ठीक, तरी गाडी भटकते. आता उरलं कोण? मी तिला दोष देत नाही, आई. मला भीती वाटते. आज पोलिसांनी थांबवलं, उद्या पुलाचा कठडा थांबवेल. रविवारी मी येतो इशिगे-सानांकडे, गाडी तिथेच सोडून कागद करून टाकू."

त्याला खरंच भीती वाटत होती. ते बघून मी वाद घातला नाही. पण एक गोष्ट मला टोचली. "इतकी भीती वाटते, तर एकदा स्वतः चालवून का नाही बघत?"

"मला वेळ कुठे आहे?" तो म्हणाला आणि उठून कचऱ्याच्या पिशव्या वेगळ्या करायला लागला. इथे कचऱ्याचे वार ठरलेले असतात, आणि उद्या प्लास्टिकचा वार नव्हता.

शनिवारी मी सुनेबरोबर तोयोसुला गेले. मेथीचा एक क्रेट मांडीवर. त्याच्यावर माझी सुतळीची गुंडी. ही गुंडी मी पुण्याहून आणली आहे. इथे जुडीला चिकटपट्टी लावतात, ती काढताना निम्मी पानं फाटतात. रविकांतने विमानतळावर या गुंडीवरून माझ्याशी वाद घातला होता, की सामानात वजन होतंय. असो.

मी ठरवलं, आज रस्त्याकडे बघायचं नाही. आज हिच्या हातापायांकडे बघायचं. बावीस वर्षं ह्यांचे हात बघितले, चांगले हात कसे असतात ते मला कळतं. चैत्रालीचे हात शांत होते. पिठलं ढवळणारे अजिबात नव्हते. मीच म्हटलेला शब्द मला मांडीवरच्या क्रेटपेक्षा जड झाला.

मग मी पायांकडे बघायला लागले. पुलाच्या चढावर तिने अॅक्सिलरेटर दाबला, गाडी डावीकडे सरली. उतारावर पाय उचलला, गाडी उजवीकडे सरली. हात जागचे हलले नाहीत.

"परत कर," मी म्हणाले.

"काय?"

"पाय दाब. आता सोड. दाब. सोड."

"आई, मागचे हॉर्न वाजवतील."

"हे वाजवत नाहीत, घाबरू नकोस. महिनाभरात मी एक हॉर्न ऐकलेला नाही. दाब."

दाबला की डावीकडे. सोडला की उजवीकडे. दर वेळी. पुढच्या चाकांचा रोग असता तर पायाशी त्याचा काय संबंध? जोर कुठल्या चाकांना मिळतो? मागच्या. सगळे पुढे बघत होते, आणि गाडी मागून बिघडली होती.

मी चैत्रालीला सांगितलं नाही. एकदा बाण सोडून झाला होता.

रविवारी सकाळी आम्ही गाडी घेऊन इशिगे-सानांकडे पोहोचलो. रविकांत बसने आला, हातात प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये कागद. तो इशिगे-सानांशी हळू आवाजात बोलायला लागला. चैत्राली गाडीपाशी उभी राहून सीटखालची वही काढून घेत होती, हवेच्या आकड्यांची. ती वही ती पिशवीत ठेवताना बघितली आणि मी म्हणाले, "थांबा सगळे."

"आई, प्लीज," रविकांत म्हणाला.

"प्लीज तू म्हण त्या म्हाताऱ्याला, की दोन मिनिटं थांबा. चैत्राली, हे टोक धर. पुढच्या चाकाच्या बरोबर मधोमध. दाबून धर."

मी सुतळी सोडत मागच्या चाकापर्यंत गेले, मधोमध ताणून धरली आणि तिथे गाठ मारली. मग आम्ही दोघी तीच सुतळी घेऊन गाडीच्या दुसऱ्या बाजूला गेलो. तिने टोक पुढच्या चाकाला लावलं. मी मागे ताणली.

गाठ चाकाच्या मधोमध आली नाही. बोटभर अलीकडे राहिली.

"सुतळी ताणली जाते, आई. हे काही मोजमाप नाही," रविकांत म्हणाला, पण तो जवळ आला होता.

इशिगे-सानांनी फोल्डर बाजूला ठेवलं. गाठीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, "आआ" म्हणाले, आणि पंचाहत्तरीचा तो माणूस पाठीवर झोपून गाडीखाली सरकला. आत बॅटरी लागली. ठकठक आवाज आला.

बाहेर आला तेव्हा त्याच्या तळहातावर तुटलेल्या बोल्टचं डोकं होतं. चैत्रालीने समजावून घेतलं आणि मला सांगितलं. मागचा अॅक्सल, म्हणजे दोन्ही चाकांमधला दांडा, धक्के झेलणाऱ्या कमानपाट्यांना धरून ठेवणारे यू-बोल्ट एका बाजूला सैल झाले होते आणि मधला बोल्ट तुटला होता. त्यामुळे ते चाक जोर मिळाला की पुढे सरकायचं, सोडला की मागे. म्हणजे गाडीला खेळ होताच. पण दोन जागी.

"आपोआप तुटतो का असा?" मी विचारलं.

चैत्रालीने विचारलं. इशिगे-सानांनी मान वाकडी केली, श्वास आत ओढला आणि चाकाच्या आतल्या बाजूला पाट्यावर बोट ठेवलं. तिथे पिवळ्या रंगाचा लांब ओरखडा होता. अगदी मऊ आवाजात ते काहीतरी म्हणाले. सगळ्यात आधी माफी मागून.

"ते विचारताहेत, गाडी मागे घेताना कशावर जोरात आपटली होती का," चैत्राली म्हणाली. "पिवळा कठडा वगैरे. रवी, मी नाही रे आपटली. शपथ. मला आठवलं असतं."

ती अजूनही स्वतःचा बचाव करत होती. मी मात्र रविकांतच्या कानांकडे बघत होते. हे कान मी खूप धरले आहेत. खोटं बोलायच्या आधी ते वरून लाल व्हायला लागतात.

"रविकांत," मी म्हणाले.

"काय?"

"कुठे?"

त्याने गाडीकडे बघितलं, मग जमिनीकडे. "कावासाकीला. ऑफिसातल्या अनुरागचं घर बदलायचं होतं ना. त्याच्या बिल्डिंगखाली पार्किंगला चाक अडवायचे बुटके पिवळे कठडे आहेत. मागे घेताना चाक वर चढलं आणि खाली पडलं. हौद्यात फ्रिज होता. धप्प झालं जरा. पण फ्रिज चालू झाला, गाडी चालू झाली. मला वाटलं, झालं नाही काही."

"कधी?"

"ओबोनच्या सुट्टीत."

ओबोन म्हणजे इथली ऑगस्टमधली सुट्टी. तेव्हापासून चैत्राली सांगत होती, गाडी भटकते. आणि तेव्हापासून हा गाडीला हात लावत नव्हता.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"नाही गं आई! जोडलंच नाही मी ते डोक्यात. म्हणजे... एकदा मनात आलं होतं. पण मग इतके दिवस झाले होते, आता कसं सांगायचं..."

चैत्रालीने हातातली वही हळूच पुन्हा सीटखाली सरकवली. दार लावलं. मग म्हणाली, "मी फुंकले, रवी."

बस, एवढंच. तो "सॉरी" म्हणाला, दोनदा. इशिगे-सानांना शब्द कळत नव्हते, पण बाकी सगळं कळत होतं. ते तुटलेल्या बोल्टकडे अशा काही मन लावून बघत राहिले, जणू त्यावर बातमी छापली आहे.

मला तेव्हा मुलाला चार शब्द सुनावायचे होते. जिभेवर तयार होते. पण शेजारी चैत्राली उभी होती आणि झोपाळा, पिठलं, सहल हे शब्द माझे होते, त्याचे नव्हते. म्हणून मी सुतळी गुंडाळत बसले. खूप वेळ लागला गुंडाळायला.

तसाच दुसरा बोल्ट इशिगे-सानांच्या एका पत्र्याच्या डब्यात सापडला. दोन तासांनी त्यांनी गाडी जॅकवरून खाली उतरवली. मी पुन्हा सुतळी लावली. गाठ मधोमध. त्यांनी मला टोपी काढून दाखवली. माझ्या ड्रायव्हरांसारखी.

"भंगाराच्या कागदांचं काय?" मी विचारलं.

रविकांतने फोल्डर पाठीमागे धरलं. "मंगळवारी शाकेनला नेता येईल म्हणाले. शेत... शेत राहू दे. मी सुट्टी घेतो. मीच घेऊन येतो गाडी मंगळवारी."

"तू नको," मी म्हणाले. "तुझी असोबी फार झाली."

यातला एक शब्द इशिगे-सानांना कळला. ते आधी थांबले, मग गुडघ्यावर हात ठेवून हसत सुटले, आणि हसल्याबद्दल रविकांतला वाकून माफी मागू लागले. चैत्रालीच्या ओठांचा कोपरा हलला. पूर्ण हसली नाही. हसायची घाई तिला का असावी?

गाडीला दोनच सीट. रविकांत बसस्टॉपकडे चालत गेला, फोल्डर काखेत. रविवारी बस तासाने येते. असू दे.

आम्ही मोठ्या रस्त्याला लागलो. चैत्रालीने वेग घेतला. मी वाट बघितली. डावीकडे काही नाही. तिने पाय उचलला. उजवीकडे काही नाही. गाडी आपल्या पट्ट्याच्या मधोमध चालली होती. पिठल्याबद्दल काहीतरी बोलायला हवं होतं, ते मला कळत होतं. पण आमच्याकडे सासवांना ते शब्द कुणी शिकवलेले नाहीत, आणि मी तर चौथीतच शाळा सोडली.

पुढे पूल दिसायला लागला. वारा होता, कडेचं गवत आडवं झालं होतं.

मी वरच्या मुठीवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"आई? बरं वाटत नाही का?"

"मला काय धाड भरलीय? झोप येतेय," मी म्हणाले. "तू चालव. घर आल्याशिवाय उठवू नकोस."

तिने एकदा वळून माझ्याकडे बघितलं.

"समोर बघ," मी म्हणाले, आणि पूल यायच्या आत डोळे मिटून घेतले.